दवाखान्यात ग्रंथालय कशाला?



दहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आम्ही एका सरकारी रुग्णालयात मेडिसिन वॉर्डात ड्यूटीला होतो. वस्तीतलेच एक आजोबा न्यूमोनियाने दाखल होते. चौथ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांच्या डाव्या हातातली सलाईनची सुई काढली आणि उजव्या हातात दुसरी घालायला घेतली. म्हाताऱ्या हाताची शीर काही सापडेना. तीनदा टोचलं. आजोबा काही बोलले नाहीत, पण उशाशी उभी असलेली त्यांची सून बोलली. "ताई, आधीची सुई चांगली चालत होती की! मग काढली कशाला?"

आम्ही म्हणालो, "तीन दिवस झाले की बदलायची असते. नियम आहे."

ती म्हणाली, "नियम कुणी केला?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. इन्चार्ज सिस्टरांना विचारलं, त्या म्हणाल्या, आम्ही शिकलो तेव्हापासून हेच चालत आलंय. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, प्रोटोकॉल आहे. खरं म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर तोवर शोधलं गेलं होतं, छापूनही आलं होतं. फक्त आमच्या वॉर्डापर्यंत पोचलं नव्हतं.

ग्रंथालय म्हटलं की आपल्याला शाळा आठवते, कॉलेज आठवतं, बाबासाहेबांचं राजगृह आठवतं. दवाखाना आठवत नाही. पण रुग्णाला दिलं जाणारं औषध, टोचली जाणारी सुई आणि त्याच्यासमोर ठेवलेलं संमतीपत्र, या सगळ्याच्या मागे कुणीतरी कुठेतरी शोधलेलं उत्तर असतं किंवा असायला हवं. ते उत्तर नर्सच्या आणि डॉक्टरच्या हातात कसं पोचतं, आणि पोचलं नाही तर कुणाचं नुकसान होतं, ते या वेळी पाहू.

सुईचं उत्तर

आपण जिला 'सलाईनची सुई' म्हणतो, ती शिरेत राहणारी सुई नसते. लोखंडी सुई टोचून लगेच बाहेर काढतात आणि आत एक बारीक प्लास्टिकची नळी ठेवतात. तिला कॅन्युला म्हणतात. नळी फार दिवस राहिली तर शीर सुजते, लाल होते, दुखते. क्वचित त्या वाटेने जंतू रक्तात जातात. या भीतीपोटी जगभरच्या रुग्णालयांत तीन-चार दिवसांनी नळी बदलण्याची पद्धत पडली.

नळी चांगली चालत असेल तरीही बदलल्याने खरंच फायदा होतो का, हे ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड राज्यातल्या तीन रुग्णालयांत तपासलं गेलं. या संशोधनाच्या प्रमुख एक नर्स होत्या. ३,२८३ रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाची नळी दर तीन दिवसांनी बदलली. दुसऱ्या गटाची नळी दुखलं, सुजलं किंवा बंद पडली तरच बदलली. निकाल २०१२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोन्ही गटांत शीर सुजण्याचं प्रमाण सारखंच निघालं, शंभरात सात. म्हणजे नेमाने नळी बदलल्याने शीर सुजणं टळलं नाही, जादा टोचणं मात्र झालं.

एका अभ्यासावर कुणी नियम बदलू नये. म्हणून 'कोक्रेन' नावाची संस्था एकाच प्रश्नावरचे जगभरचे अभ्यास गोळा करते, त्यांतले कच्चे-पक्के निवडते आणि सगळ्यांचा मिळून निष्कर्ष सांगते. नळीच्या प्रश्नावर २०१९ मध्ये त्यांनी नऊ अभ्यास आणि ७,४१२ रुग्ण एकत्र तपासले. शीर सुजण्यात दोन्ही पद्धतींत फारसा फरक नाही, असंच पुन्हा दिसलं.

एवढ्यावर लेख संपवला असता तर आम्ही तुम्हाला अर्धवट सांगितलं असतं. २०२१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाच्या रुग्णालयातून वेगळी माहिती आली. तिथे नेमाने नळी बदलणं थांबवल्यावर रक्तातला जंतुसंसर्ग वाढलेला दिसला आणि जुनी पद्धत परत आणल्यावर तो कमी झाला. त्यांनी चार लाखांहून अधिक नळ्यांची नोंद पाहिली होती. शीर सुजणं नेहमीचं असतं, रक्तातला संसर्ग दुर्मिळ पण जिवावरचा असतो. दुर्मिळ गोष्ट लहान अभ्यासात दिसत नाही, मोठ्या आकड्यांत दिसते. म्हणून उत्तर एकदा वाचून भागत नाही, त्याच्या मागावर राहावं लागतं.

तेव्हा हा लेख हातात घेऊन वॉर्डातल्या सिस्टरशी भांडू नका. आपल्या माणसाच्या हाताकडे मात्र रोज बघा. नळीजवळ दुखत असेल, लाली-सूज असेल, शीर दोरीसारखी कडक लागत असेल, तिथून पाणी झिरपत असेल किंवा थंडी वाजून ताप आला असेल, तर तीन दिवसांची वाट न बघता लगेच सांगा. आणि सलाईन, इंजेक्शन बंद होऊनही नळी तशीच राहिली असेल तर "आता हिची गरज आहे का?" असं जरूर विचारा.

ग्रंथपाल नेमकं काय करतो?

तुम्ही म्हणाल, आता सगळं मोबाइलवर मिळतं, मग ग्रंथपाल कशाला?

एक उदाहरण घ्या. आपल्या गल्लीत एकच माणूस घरात 'बाळ्या' असतो, शाळेच्या दाखल्यावर 'प्रकाश' असतो आणि रेशनकार्डावर त्याचं नाव तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेलं असतं. फक्त 'बाळ्या' म्हणून कचेरीत शोधलंत तर तो सापडणार नाही. औषधांचं आणि आजारांचं तसंच आहे. आम्ही वॉर्डात ज्याला 'इंट्राकॅथ' म्हणतो, कुणी 'व्हेनफ्लॉन' म्हणतं, त्याला संशोधक 'कॅन्युला' लिहितात, कुणी 'कॅथेटर' लिहितात. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची 'पबमेड' नावाची सूची आहे. तीत साडेतीन कोटींहून जास्त लेखांच्या नोंदी आहेत आणि ती १९९७ पासून सगळ्यांना मोफत खुली आहे. या ढिगाऱ्यात योग्य नाव धरून शोधायचं कसब वैद्यकीय ग्रंथपालाकडे असतं.

नर्स प्रश्न घेऊन आली की ग्रंथपाल आधी त्या प्रश्नाचे चार तुकडे करायला लावतो. रुग्ण कोण? उपाय कोणता? कशाशी तुलना करायची? आणि काय घडलं तर फायदा झाला म्हणायचं? आजोबांच्या सुनेचा प्रश्न असा मांडता येतो: सलाईन चालू असलेला रुग्ण, नळी गरजेपुरती बदलणं, तीन दिवसांनी बदलण्याशी तुलना, आणि शीर सुजते का किंवा संसर्ग होतो का हे पाहणं. एवढं नीट मांडलं की शोध सोपा होतो.

पुढे तो पूर्ण लेख मिळवून देतो, कारण सूचीत पुष्कळदा नुसता सारांश असतो आणि लेखावर कुलूप असतं. कुठे शोधलं, कोणते शब्द वापरले, किती वर्षं मागे गेलो याची तो नोंद ठेवतो. पैसे घेऊन काहीही छापणारी बनावट नियतकालिकं कोणती, तेही सांगतो.

अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅन्सस सिटीमध्ये ग्रंथपाल डॉक्टरांबरोबर थेट वॉर्डात राउंडला जाऊ लागले. रुग्णाच्या खाटेपाशी निघालेला प्रश्न टिपून घ्यायचा आणि उत्तर शोधून आणायचं, हे त्यांचं काम. १९९२ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर भागातल्या २०८ डॉक्टरांना विचारलं की रुग्णालयाच्या ग्रंथालयातून मिळालेल्या माहितीने उपचारात काही फरक पडला का. शंभरातल्या ऐंशींनी सांगितलं, हो, त्यामुळे आम्ही काहीतरी वेगळं केलं किंवा बहुधा केलं असतं.

शोध अपुरा पडला तेव्हा

नव्या औषधाचा किंवा उपायाचा माणसांवर अभ्यास करतात, त्याला क्लिनिकल रिसर्च म्हणतात. त्यात शोधाची चूक जिवावर बेतते.

२००१ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स या नावाजलेल्या संस्थेत दम्यासंबंधी एक अभ्यास चालू होता. त्यात निरोगी माणसांना हेक्सामेथोनियम नावाचं औषध हुंगायला दिलं जात होतं. हे जुनं औषध एकेकाळी रक्तदाबासाठी वापरत. त्याच संस्थेत काम करणारी २४ वर्षांची निरोगी तरुणी स्वेच्छेने या अभ्यासात आली होती. औषध घेतल्यावर तिला खोकला सुरू झाला, फुप्फुसं निकामी होत गेली आणि महिन्याभरात ती गेली.

चौकशीत निघालं की या औषधाने फुप्फुसांना इजा होते, असे इशारे १९५० च्या दशकातच छापून आले होते. संशोधकांनी पबमेडवर शोध घेतला होता, पण तेव्हा पबमेडची सूची १९६६ पर्यंतच मागे जात होती. त्याआधीचं कपाटांत आणि छापील सूचींत होतं. सरकारने त्या संस्थेतलं सरकारी पैशांवरचं माणसांवरील संशोधन काही दिवस थांबवलं. जगभरच्या वैद्यकीय ग्रंथपालांनी तेव्हा एकच प्रश्न विचारला: शोधाच्या वेळी ग्रंथपाल सोबत असता तर ही मुलगी वाचली असती का?

"सापडलं नाही" आणि "नाहीच" यांत किती अंतर आहे, हे त्या घराला कळलं.

नागपूरकडच्या मातांनी दिलेलं उत्तर

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं आहे. बाळ दिवस भरण्याआधी होणार असेल तर आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात, म्हणजे बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. हे न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी १९७२ मध्ये दाखवलं. पुढे आणखी अभ्यास झाले, पण ते वेगवेगळ्या नियतकालिकांत विखुरलेले राहिले. सगळे एकत्र मांडून निष्कर्ष काढायला १९८० च्या दशकाची अखेर उजाडली. मधल्या काळात कितीतरी मातांना हे साधं, स्वस्त इंजेक्शन मिळालं नाही. ही चूक विसरू नये म्हणून १९९३ मध्ये सुरू झालेल्या कोक्रेन संस्थेने आपल्या बोधचिन्हातच त्या अभ्यासांचा आलेख घेतला.

मग प्रश्न आला की गरीब देशांत, गावपातळीवर हे इंजेक्शन द्यावं का. सहा देशांत मोठा अभ्यास झाला. भारतातले भाग होते बेळगाव आणि नागपूर. सुमारे एक लाख बाळंतपणांची नोंद झाली आणि २०१५ मध्ये निकाल आला. जिथे इंजेक्शनचा प्रसार केला, तिथे हजारामागे २७.४ नवजात बाळं दगावली. जिथे केला नाही, तिथे २३.९. म्हणजे फायदा सोडाच, हजारामागे तीन-चार बाळं जास्तच गेली. दिवस किती भरलेत याचा अंदाज चुकल्याने पूर्ण दिवसांच्या गरोदर बायांनाही ते इंजेक्शन दिलं गेलं होतं.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत पुन्हा तपासलं आणि २०२० मध्ये निकाल आला. इथे सोनोग्राफीने दिवस नीट मोजलेले होते आणि नवजात बाळाच्या देखभालीची सोय होती. इंजेक्शन दिलेल्या गटात शंभरातली साधारण वीस अपुऱ्या दिवसांची बाळं दगावली, न दिलेल्या गटात चोवीसच्या आसपास. म्हणजे इथे फायदा झाला.

इंजेक्शन तेच होतं. सोय असलेल्या ठिकाणी त्याने जीव वाचवले, सोय नसलेल्या ठिकाणी नाही. फक्त १९७२ चं वाचलेली नर्स चुकेल, फक्त २०१५ चं वाचलेलीही चुकेल. नागपूरकडच्या खेड्यांतल्या मातांनी जगाला हे उत्तर मिळवून दिलं. ते उत्तर त्याच खेड्यातल्या एएनएम ताईच्या हातात पोचलं का, हा आमचा प्रश्न आहे.

आपल्याकडे काय आहे, काय नाही

काहीच नाही असं म्हणणं खरं होणार नाही. नर्सिंग कॉलेजला ग्रंथालय हवं, ही भारतीय परिचर्या परिषदेची अटच आहे. दिल्लीत राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय आहे. २००७ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, पैसे भरून कोक्रेनचा संग्रह देशभरासाठी खुला केला. कोक्रेनच्या निष्कर्षांचे सोप्या भाषेतले सारांश तर कुणालाही मोफत वाचता येतात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'एक राष्ट्र एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये ठेवले. तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं ६,३०० च्या आसपास संस्थांना खुली झाली. ती सरकारी उच्चशिक्षण संस्थांना आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना. जिल्हा रुग्णालय, ग्रामीण रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्र ही काही उच्चशिक्षण संस्था नव्हेत. आपल्या मुली मोठ्या संख्येने शिकतात ती खासगी नर्सिंग कॉलेजंही सरकारी नव्हेत. मेडिकल कॉलेजातला विद्यार्थी जे वाचू शकतो, ते वस्तीजवळच्या केंद्रातली सिस्टर वाचू शकेलच असं नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेचं धोरण असं आहे की तिथल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला ग्रंथालयाची सेवा मोफत मिळावी.

आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. आम्ही काम केलेल्या एका रुग्णालयात ग्रंथालय होतं, पण पाटीवर 'फक्त डॉक्टरांसाठी' असं लिहिलेलं. शिकत असताना एका ठिकाणी पुस्तकांच्या कपाटाला कुलूप असायचं आणि किल्ली क्लार्ककडे. तपासणी आली की कपाट उघडायचं. नर्सिंगच्या पुढच्या शिक्षणात शोधनिबंध करावा लागतो. शोधायचं कसं हे शिकवलं जात नाही, म्हणून मुली झेरॉक्सच्या दुकानातून जुना निबंध आणून आकडे फिरवतात. दोष मुलींना देऊन आम्ही मोकळे होणार नाही. रुग्णाला चोवीस तास बघते ती नर्स. प्रश्न तिलाच आधी पडतात. तिच्या हातात शोधण्याचं साधन दिलं तर सुईसारखी उत्तरं आपल्या वॉर्डांतूनही निघतील.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. रुग्णालयाच्या ग्रंथालयाचं कार्ड नर्स, एएनएम, लॅब टेक्निशियन सगळ्यांना मिळावं. ग्रंथालय पाळी सुटल्यावरही उघडं असावं. 'एक राष्ट्र एक वर्गणी'त सरकारी रुग्णालयं आणि आरोग्य केंद्रंही यावीत. आणि जिल्ह्याला निदान एक तरी असा ग्रंथपाल असावा, ज्याला फोन करून रात्रपाळीत पडलेला प्रश्न सांगता येईल.

घराने काय करावं

तुमच्या माणसाला कुणी एखाद्या अभ्यासात घेऊ म्हणालं तर घाबरू नका आणि घाईने अंगठाही देऊ नका. आधी हे विचारा:

१. हा नेहमीचा उपचार आहे की संशोधन? संशोधन असेल तर 'नाही' म्हणायचा हक्क आहे आणि नंतर केव्हाही बाहेर पडता येतं. त्यामुळे नेहमीचा उपचार थांबवता येत नाही.

२. या औषधावर आधी कुठे काय अभ्यास झाले आणि त्यांत कुणाला काय त्रास झाला? ज्याने नीट शोध घेतला आहे, तो सांगू शकतो. जो "काळजी करू नका" एवढंच म्हणतो, त्याला पुन्हा विचारा.

३. माहितीपत्रक मराठीत आहे का? आपल्याला समजणाऱ्या भाषेत लेखी माहिती मिळणं आणि माहितीपत्रक व संमतीपत्राची प्रत घरी नेता येणं, हा तुमचा हक्क आहे.

४. नैतिकता समितीची परवानगी आहे का आणि सीटीआरआयचा नंबर काय? सीटीआरआय ही देशातल्या क्लिनिकल ट्रायलची सरकारी नोंदवही आहे. ती २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून औषधांच्या ट्रायलची नोंद सक्तीची आहे. नंबर मिळाला की घरातलं शिकतं लेकरू मोबाइलवर ती नोंद फुकट पाहू शकतं.

५. इजा झाली तर? औषधांच्या ट्रायलसाठी २०१९ चे नियम आहेत. ट्रायलमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई यांची तरतूद त्यांत आहे.

आणि घरात कुणी मुलगी नर्सिंगला असेल तर आज जेवताना तिला विचारा: तुमच्या कॉलेजचं ग्रंथालय किती वाजता उघडतं? तुला कार्ड मिळालंय का? पबमेडवर कधी काही शोधलंस का? उत्तर 'नाही' आलं तर तिला रागावू नका. पालक म्हणून प्राचार्यांकडे जा आणि तेच तीन प्रश्न त्यांना विचारा. एकटे जाऊ नका, दोन-चार पालक मिळून जा.

आजोबा त्या आजारातून उठले. त्यांची सून पुढे बचत गटाच्या बैठकीत भेटली तेव्हा आम्ही तिला नऊ वेगवेगळ्या अभ्यासांची आणि जिनिव्हाच्या आकड्यांची गोष्ट सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे अजून पक्कं नाही ना? मग शोधत राहा."